स्टेपनी कॅरिअर

स्टेपनी कॅरिअर (अन्य नावे : स्टेपनी स्टँड, स्टेपनीची बैठक) म्हणजे मोटार वाहनातील राखीव चाक धरून ठेवणारी लोखंडी चौकट होय. वाहनाच्या रचनेनुसार हे कॅरिअर चॅसीखाली, हौद्यात, हौद्याच्या बाजूला, टपावर किंवा वाहनाच्या मागील बाजूस असते. नव्या वाहनात ते कारखान्यातूनच बसवून येते. जुन्या पिकअप वाहनांत मात्र मूळ कॅरिअर गंजल्याने, तुटल्याने किंवा गैरसोयीचे ठरल्याने नवे बसवण्याची वेळ येते. हे काम वरकरणी किरकोळ दिसते. परंतु सुमारे पंचवीस-तीस किलो वजनाचे चाक धावत्या वाहनातून निसटल्यास मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते. म्हणून कॅरिअरची जागा, जोडणी आणि तपासणी यांना वाहनाच्या सुरक्षिततेत महत्त्व आहे.

नाव आणि व्युत्पत्ती

राखीव चाकाला मराठीत रूढ असलेला ‘स्टेपनी’ हा शब्द एका रस्त्याच्या नावावरून आला आहे. वेल्समधील लानेली या गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथील थॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या बंधूंनी १९०४ साली मोटारीसाठी राखीव चाक तयार केले आणि रस्त्याच्या नावावरून त्याला ‘स्टेपनी’ असे नाव दिले. ब्रिटिश अमदानीत हे नाव भारतात आले. इंग्लंडमध्ये ते पुढे मागे पडले. भारतीय उपखंडात आणि माल्टामध्ये मात्र ते टिकून राहिले. ब्राझीलमधील पोर्तुगीज भाषेत राखीव चाकाला ‘एस्तेपी’ म्हणतात, तेही याच मुळातून आले आहे.

व्यापारी नाव सामान्यनाम होऊन बसल्याची अशी उदाहरणे मराठीत आणखीही आहेत. छायाप्रतीला ‘झेरॉक्स’ आणि वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणण्याची रीत त्याच प्रकारची आहे. ईकारान्त असल्यामुळे ‘स्टेपनी’ हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी चालतो : ‘स्टेपनी काढली’, ‘स्टेपनी लावली’. बोलीभाषेत ऐनवेळी उपयोगी पडावी म्हणून हाताशी ठेवलेली वस्तू किंवा व्यक्ती अशा लाक्षणिक अर्थानेही तो वापरला जातो.

इतिहास

जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे हवा भरलेला टायर तयार केला. त्यामुळे प्रवास सुखाचा झाला, पण पंक्चर ही नवी अडचण उभी राहिली. आरंभीच्या मोटारींची चाके आसाला पक्की जोडलेली असत. पंक्चर झाल्यास चालकाला रस्त्याच्या कडेला टायर चाकावरूनच उतरवून ट्यूब दुरुस्त करावी लागे. डेव्हिस बंधूंची स्टेपनी म्हणजे आरे नसलेली धाव व तिच्यावर आधीच हवा भरलेला टायर अशी होती. ती पंक्चर झालेल्या चाकाच्या कडेला पकडींनी आवळून वाहन पुढे नेता येई. पुढे नट काढून संपूर्ण चाक बदलता येईल अशी रचना सर्वत्र आली आणि पाचवे चाक वाहनावर बाळगण्यासाठी स्वतंत्र बैठकीची गरज निर्माण झाली.

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे राखीव चाक मागील बाजूस असे. युद्धानंतर नागरी वापरासाठी निघालेल्या सीजे-२ए या जीपला मागे उघडणारा फाळका देण्यात आला. त्यामुळे चाक बाजूला हलवावे लागले. सामान चढवण्या-उतरवण्याची वाट मोकळी ठेवायची की चाक हाताशी ठेवायचे, हा पेच तेव्हापासूनचा आहे आणि पिकअपच्या बाबतीत तो आजही तसाच आहे.

महाराष्ट्रात महिंद्र कंपनीच्या जीप, पुण्याजवळच्या आकुर्डी येथील बजाज टेम्पोची मॅटाडोर, १९८६ मध्ये आलेली टाटा ४०७, १९८८ मधील टाटामोबाइल आणि तिच्या कुळातील टाटा २०७, तसेच बोलेरो पिकअप या वाहनांनी हलक्या मालवाहतुकीचा मोठा भाग पेलला. यांतील अनेक जुनी वाहने आजही ग्रामीण भागात चालू आहेत.

प्रकार

चॅसीखालील कॅरिअर : पिकअपमध्ये सर्वाधिक आढळणारा प्रकार. चाक हौद्याखाली आडवे टांगलेले असते. काही वाहनांत ते साखळीने किंवा तारदोराने वर ओढले जाते, तर काहींत बिजागरी असलेल्या पाळण्यात ठेवून बोल्टने आवळले जाते. हौदा पूर्ण मोकळा राहतो आणि वाहनाचा गुरुत्वमध्य खाली राहतो, हे याचे फायदे होत. चिखल, दगड व पाणी यांचा मारा, साखळी गंजणे आणि भरलेल्या वाहनाखाली शिरावे लागणे हे तोटे होत. मागचे चाक बसल्यास वाहन आणखी खाली येते आणि कित्येकदा स्टेपनी बाहेर काढण्याइतकीही जागा उरत नाही.

हौद्यातील उभे कॅरिअर : चाक केबिनच्या मागे हौद्यात उभे ठेवले जाते. बसवण्यास सोपे, चिखलापासून दूर आणि चोरीच्या दृष्टीने तुलनेने सुरक्षित. चाकाच्या रुंदीएवढी जागा मात्र मालासाठी कमी होते, आणि हौदा भरलेला असताना चाकावर माल रचला तर ते काढता येत नाही.

बाजूचे कॅरिअर : हौद्याच्या बाहेरील बाजूस, दोन आसांच्या मधल्या मोकळ्या जागेत चाक टांगतात. फाळका व हौदा दोन्ही मोकळे राहतात. वाहनाची रुंदी वाढणार नाही आणि चाक इंधनटाकीला किंवा धुराच्या नळीला टेकणार नाही, हे पाहावे लागते.

मागील झुलते कॅरिअर : मागील बंपरवर एका बाजूला खुंटी व दुसऱ्या बाजूला कडी असलेली भुजा असते. फाळका उघडण्यापूर्वी भुजा दारासारखी बाजूला फिरवतात. चाक कमरेच्या उंचीवर मिळते. परंतु रचना जड व खर्चिक असून खुंटीवर मोठा ताण येतो. चाक थेट फाळक्यावर बसवणे मात्र टाळतात, कारण फाळक्याचा पत्रा व बिजागऱ्या तेवढ्या भारासाठी बनवलेल्या नसतात.

भाराचे गणित

कॅरिअरची मजबुती केवळ चाकाच्या वजनावर ठरत नाही. खड्ड्यात वाहन आदळते तेव्हा चाकाचा भार क्षणभर कित्येक पटींनी वाढतो. हिशेबासाठी तो तिप्पट धरला, तर ३० किलोचे चाक ९० किलोसारखे वागते. चाकाचा मध्य आधाराच्या पृष्ठापासून २५ सेंटिमीटर बाहेर असेल आणि बोल्टांच्या वरच्या व खालच्या ओळींत १० सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या बोल्टांवर सुमारे २२५ किलोचा ओढ येतो (९० × २५ ÷ १०). हेच अंतर २० सेंटिमीटर केल्यास ओढ निम्म्यावर, म्हणजे सुमारे ११२ किलोवर येतो. बोल्ट जाड करण्यापेक्षा बैठक रुंद करणे अधिक गुणकारी का ठरते, ते यावरून स्पष्ट होते.

जागा बदलल्याने आसांवरील भारही बदलतो. दोन आसांत २.६ मीटर अंतर असलेल्या वाहनात ३० किलोचे चाक व २० किलोची चौकट मागील आसाच्या १.३ मीटर मागे बसवली, तर मागील आसावर ५० नव्हे तर ७५ किलो भार वाढतो आणि पुढील आसावरचा २५ किलो भार कमी होतो. रिकाम्या वाहनात हा फरक जाणवत नाही. हौदा आधीच मर्यादेइतका भरलेला असताना मात्र पुढची चाके हलकी होऊन सुकाणूवरील पकड कमी होण्यास तो हातभार लावतो. तेच चाक केबिनच्या लगत, दोन आसांच्या दरम्यान ठेवल्यास भार दोन्ही आसांवर विभागला जातो.

लोखंड सहसा एका मोठ्या धक्क्याने तुटत नाही. हजारो लहान धक्क्यांनी वेल्डिंगच्या कडेला केसासारखी बारीक चीर पडते व ती हळूहळू वाढत जाते. म्हणून काटकोनातील प्रत्येक सांध्याला तिकोनी आधारपट्टी देणे आणि चाक रबरी ठोकळ्यावर किंचित दाबून बसवणे, जेणेकरून ते थरथरणार नाही, हे दोन उपाय महत्त्वाचे मानले जातात.

जुन्या पिकअपवर कॅरिअर बसवणे

पूर्वतपासणी

प्रथम लोखंडाची अवस्था पाहतात. हौद्याचा तळ, आडवे चॅनल आणि चॅसीची मागील टोके हातोडीने हलके ठोकून पाहिली असता निरोगी लोखंड खणखणीत वाजते. गंजलेल्या जागी आवाज बद्द येतो व पापुद्रे सुटतात. तळाचा पत्रा सामान्यतः पातळ असतो. नुसत्या पत्र्याला बोल्ट लावल्यास तो फाटतो. म्हणून बोल्ट तळाखालील आडव्या चॅनलमधून घेतात, किंवा पत्र्याच्या खालून किमान ५ मिलिमीटर जाडीची रुंद पट्टी लावून भार पसरवतात.

मोजमाप

चाकाच्या डिस्कवरील नटांची छिद्रे एका वर्तुळावर असतात. कॅरिअरच्या पाटीवरील बोल्ट त्याच मापाचे असावे लागतात. सहा छिद्रांच्या डिस्कवर समोरासमोरच्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर हाच वर्तुळाचा व्यास होय. पाच छिद्रांच्या डिस्कवर समोरासमोर छिद्रे नसतात; तेथे शेजारच्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतराला १.७०१ ने गुणतात. उदाहरणार्थ, ते अंतर ८२.१ मिलिमीटर भरल्यास व्यास सुमारे १३९.७ मिलिमीटर येतो. जुन्या विलीज जीपचे आणि बोलेरोचे माप हेच आहे. छिद्राचा मध्य नेमका शोधणे अवघड असल्यास मध्यांना जोडणाऱ्या रेषेवर एका छिद्राच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजले तरी अंतर तेच मिळते.

याशिवाय टायरचा बाहेरील व्यास, रुंदी, फाळका उघडण्याचा घेर आणि मागील दिवे व क्रमांकपाटी यांची जागा यांची मापे घेतात.

साहित्य

चौकटीसाठी ४० × ४० मिलिमीटरची, ३ मिलिमीटर जाड चौकोनी नळी. चाकाच्या पाटीसाठी ६ मिलिमीटर जाड प्लेट. १२ मिलिमीटर व्यासाचे ८.८ प्रतीचे बोल्ट (ही प्रत बोल्टच्या माथ्यावर कोरलेली असते); रुंद वायसर; नायलॉनची कडी असलेले किंवा दुहेरी नट; रबरी ठोकळे; आणि गंजरोधक रंग एवढे साहित्य लागते. पाटीवर वाहनाच्याच चाकाचे बोल्ट व नट वापरल्यास वेगळा पाना लागत नाही आणि वाटेत चाकाचा एखादा नट हरवल्यास कॅरिअरवरचा उपयोगी पडतो. दुसरी सोपी पद्धत म्हणजे डिस्कच्या मधल्या छिद्रातून एक जाड आटेदार दांडी घेऊन बाहेरून मोठ्या पाटीने चाक आवळणे.

बसवण्याचा क्रम

१. वाहन सपाट जागी उभे करून हँडब्रेक लावतात व चाकांना उटी देतात.

२. चौकट जागेवर धरून, तिच्यावर प्रत्यक्ष चाक ठेवून फाळका उघडतो का, दिवे झाकले जातात का आणि चाक एका माणसाला उतरवता येते का हे पाहतात. छिद्रे पाडण्यापूर्वीची ही पायरी वगळल्यास पुढचे काम वाया जाण्याचा संभव असतो.

३. छिद्रांच्या खुणा केल्यावर पत्र्यामागून ब्रेकची नळी, इंधनाची नळी किंवा विजेच्या तारा जात नाहीत याची खालून खात्री करून घेतात.

४. चॅसीला जोडायचे असल्यास शक्यतो कारखान्याने पाडलेलीच छिद्रे वापरतात. नवे छिद्र अपरिहार्य असल्यास ते चॅनलच्या उभ्या भागात घेतात. वरच्या व खालच्या आडव्या कडांत घेत नाहीत, कारण वाकवणारा ताण तेथेच सर्वाधिक असतो.

५. वेल्डिंग शक्यतो चौकट वाहनापासून वेगळी असताना करतात. वाहनावरच करावे लागल्यास बॅटरीची जोडणी आधी काढतात आणि इंधनटाकीजवळ वेल्डिंग करत नाहीत. वेल्डिंगच्या उष्णतेने लोखंडाचे गुणधर्म बदलतात. म्हणून चॅसीवर वेल्डिंगऐवजी बोल्ट पसंत करतात.

६. छिद्रांच्या कडा घासून, त्यांना रंग लावून, वायसरसह बोल्ट बसवतात. पोकळ नळीतून बोल्ट जात असेल तर नळी दबू नये म्हणून आत लोखंडी बाही घालतात.

७. चाक बसवून नट समोरासमोरच्या क्रमाने आवळतात आणि कुलूप असलेली साखळी डिस्कमधून चौकटीभोवती घेतात. चोरीला प्रतिबंध करण्याबरोबरच नट सुटल्यास चाक रस्त्यावर पडू न देणे, हे या साखळीचे दुसरे काम होय.

८. प्रथम कमी वेगाने खडबडीत रस्त्यावर वाहन चालवून खडखड ऐकतात, नंतर पन्नास ते शंभर किलोमीटर धावल्यावर सर्व बोल्ट पुन्हा आवळतात. नवा रंग व वायसर दबल्यामुळे पहिल्या प्रवासात बोल्ट काहीसे ढिले होतातच.

झुलत्या कॅरिअरमध्ये कडी एकटी पुरेशी मानत नाहीत. ती उघडली तरी भुजा रस्त्याकडे फिरू नये म्हणून स्वतंत्र खीळ देतात.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा कडक अर्थ लावला. त्यामुळे वाहनाची लांबी किंवा रुंदी वाढवणारे कॅरिअर बसवण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करणे श्रेयस्कर ठरते. मूळ जागी मूळ प्रकारचे कॅरिअर पुन्हा बसवणे ही दुरुस्ती होय. मागे नवी भुजा जोडणे हा बदल ठरू शकतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार वाहनाचा मागील आसापलीकडचा भाग दोन आसांतील अंतराच्या ६० टक्क्यांहून अधिक असू नये. क्रमांकपाटी आणि मागील दिवे झाकले जाऊ नयेत. चौकटीचे वजन नोंदणीकृत एकूण वजनात धरले जाते, म्हणजेच तेवढा माल कमी भरावा लागतो. टायरच्या नक्षीची खोली चारचाकी वाहनात किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. झिजलेला टायर स्टेपनीत ठेवल्यास रस्त्यावर लावल्याक्षणी तो नियमबाह्य ठरतो.

२०२० मधील दुरुस्तीनुसार ट्यूबलेस टायर, टायरमधील दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या ३.५ टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना राखीव चाकाची सक्ती उरलेली नाही. जुन्या पिकअपला या सवलतीचा उपयोग नाही. ती मालवाहू वाहने असून त्यांत अशी यंत्रणा नसते.

सोलापूर परिसरातील वापर

सोलापूर हे पुणे–हैदराबाद महामार्गावरील शहर असून विजयपूर, तुळजापूर, सांगली व अक्कलकोट या दिशांनाही येथून रस्ते फुटतात. चादरी व टॉवेल, कांदा, डाळिंब, ज्वारी आणि द्राक्षे यांच्या वाहतुकीत पिकअप वाहनांचा मोठा वाटा आहे. एकाच वाहनाला सकाळी शेतातील कच्ची वाट, दुपारी महामार्ग आणि संध्याकाळी शहरातील पेठ असे तीन प्रकारचे रस्ते तुडवावे लागतात; कॅरिअरची निवडही या तिन्हींचा विचार करून करावी लागते.

जिल्ह्यातील काळी माती पावसाळ्यात चाकांना व चॅसीला घट्ट चिकटते. चॅसीखाली टांगलेल्या स्टेपनीवर तिचा थर बसून ओलावा टिकून राहतो, त्यामुळे साखळी व डिस्क लवकर गंजतात. चाकोरी खोल असलेल्या वाटेवर खाली लोंबणारे चाक मधल्या वरंब्याला घासते. शेतमाल वाहणाऱ्या जुन्या वाहनांत स्टेपनी हौद्यात किंवा बाजूला घेण्यामागे हे कारण असते.

उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. उघड्यावर टांगलेल्या टायरचे रबर ऊन व हवेतील ओझोन यांमुळे कडक होऊन त्याला चिरा पडतात. मागील किंवा बाजूच्या कॅरिअरवरील स्टेपनीला आच्छादन घालण्याची गरज त्यामुळे येथे अधिक आहे.

नवी पेठ ही शहरातील मध्यवर्ती बाजारपेठ. दाटीच्या अशा पेठेत दुकानासमोर वाहन उभे करून मागच्या बाजूने माल उतरवला जातो. तेथे मागील झुलत्या कॅरिअरची भुजा उघडण्यास जागा मिळत नाही आणि उघडी राहिलेली भुजा ये-जा करणाऱ्यांना लागू शकते. बाजूच्या कॅरिअरवरील चाक पुढे आलेले असेल तर तेही गर्दीत घासते. अशा वापरासाठी केबिनमागील उभे कॅरिअर अधिक सोयीचे ठरते. पेठेजवळचा मेकॅनिक चौक आपल्या नावातच या व्यवसायाची खूण बाळगून आहे.

देखभाल

स्टेपनी वापरली नाही तरी तिच्यातील हवा हळूहळू कमी होते. महिन्यातून एकदा, सकाळी टायर थंड असताना, इतर चाकांबरोबर तिचीही हवा तपासणे आवश्यक असते. मागील चाकांसाठी सांगितलेला दाब तिच्यात ठेवतात; गरज पडल्यास हवा कमी करता येते, पण रस्त्यावर वाढवता येत नाही.

टायरचे वय त्याच्या बाजूवरील चार आकड्यांवरून कळते. पहिले दोन आकडे आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. अनेक टायर उत्पादक दहा वर्षांहून जुना टायर, नक्षी शाबूत असली तरी, बदलण्याचा सल्ला देतात आणि तो स्टेपनीलाही लागू आहे.

दर सहा महिन्यांनी स्टेपनी उतरवून साखळी, बिजागरी व बोल्ट यांना वंगण देणे, वेल्डिंगच्या कडा तपासणे आणि रंग उडालेल्या जागी पुन्हा रंग लावणे एवढी देखभाल पुरेशी असते. स्टेपनी प्रत्यक्ष उतरवून पाहण्याचा आणखी एक लाभ असा की जॅक, पाना व टॉमी वाहनात आहेत की नाहीत, आणि गंजलेला नट हातपान्याने सुटतो की नाही, हे महामार्गाच्या कडेला रात्रीच्या वेळी नव्हे, तर घरासमोरच कळते.

हे सुद्धा पहा

टायर
जॅक (यंत्र)
चॅसी
पिकअप ट्रक
मोटार वाहन अधिनियम, १९८८
सोलापूर